कडेला काळं, मध्ये पांढरं: शेडिंगची ही सवय कशी मोडायची

माझी पहिली दोन-तीन स्केचबुकं अजून कपाटात आहेत. त्यातली कुठलीही वस्तू काढून पाहा. चेंडू असो, बरणी असो, नाही तर कुणाचं नाक, शेडिंग सगळीकडे एकच: कडेकडेने काळं, मध्ये पांढरं, आणि वर बोटाने फासलेलं. एकटी वस्तू त्यात गोल दिसायची, म्हणून मी खूश असे. पण दोन वस्तू शेजारी काढल्या की चित्र बिघडायचं, आणि का बिघडलं ते कळायचं नाही. कारण फारच साधं होतं. उजेड कुठून येतोय हे मी एकाही चित्रात ठरवलंच नव्हतं.

शेडिंग म्हणजे वस्तू काळी करणं, हा समज डोक्यातून जायला मला बराच काळ लागला. प्रत्यक्षात शेडिंग करताना आपण एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो: वस्तूच्या पृष्ठभागाचा हा तुकडा दिव्याकडे किती तोंड करून आहे? हा प्रश्न विचारायची सवय लागली की बाकीचं बरंच आपोआप जागेवर येतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पहिल्या चार पायऱ्या पेन्सिलीवर पक्क्या होईपर्यंत रंगांकडे वळू नका.

काय काय लागेल

- पेन्सिली: एचबी, २बी, ४बी, ६बी. एच म्हणजे कठीण आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि काळी. बारा पेन्सिलींचा संच घेऊन काही साधत नाही.
- किंचित दाणेदार कागद, उदाहरणार्थ कार्ट्रिज पेपर. अगदी गुळगुळीत कागदावर ग्रेफाइटचे थर बसत नाहीत, दोन थरांतच तो चकाकायला लागतो.
- नीडेड इरेजर, म्हणजे मळून हवा तसा आकार देता येणारं खोडरबर. याने घासायचं नसतं, दाबून ग्रेफाइट उचलायचं असतं.
- एकच बल्ब असलेला टेबल लॅम्प.
- थर्मोकोलचा पांढरा गोळा, पांढऱ्या कागदाचा ठोकळा आणि त्याच कागदाची नळी. तिन्ही वस्तू पांढऱ्या आणि न चकाकणाऱ्या हव्यात. रंगीत किंवा चकचकीत वस्तू सुरुवातीला नुसता गोंधळ वाढवते.
- एक काळा कागद आणि एक पांढरा. यांचं काम चौथ्या पायरीत आहे.

१. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा

ही पायरी सगळे टाळतात आणि तिथेच फसतात. छतावरची ट्यूबलाइट, खिडकी आणि टेबल लॅम्प असे तीन उजेड एकाच चेंडूवर पडत असतील तर त्याला तीन पडछाया येतात, त्या एकमेकींत मिसळतात, आणि नवशिक्याने त्यातून काय शोधायचं? खिडकीचा पडदा ओढा, ट्यूब बंद करा, एकच दिवा ठेवा. तो वस्तूच्या एका बाजूला, थोडा वर आणि थोडा पुढे असू द्या. साधारण ४५ अंशांचा कोन चांगला.

दिवा अगदी तुमच्या डोक्यामागून येत असेल तर वस्तू चपटी दिसते, कारण सावलीची बाजू तुम्हाला दिसतच नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोवरून शेडिंग शिकू नये ते याचसाठी.

दिवा वस्तूच्या किती जवळ आहे तेही बघा. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणजे ३० सेंटिमीटरवरच्या ठोकळ्यावर जेवढा उजेड पडतो त्याच्या चौथा हिस्सा ६० सेंटिमीटरवरच्या ठोकळ्यावर. दिव्याखाली टेबल एका टोकाला लख्ख आणि दुसऱ्या टोकाला अंधारं दिसतं ते यामुळे, आणि ते तसंच काढायचं असतं. सूर्यप्रकाशात मात्र हा फरक नसतो. सूर्य इतका लांब आहे की अंगणाच्या या टोकाला आणि त्या टोकाला उजेड सारखाच.

खिडकीच्या उजेडात काम करायचं असेल तर एक लक्षात ठेवा, ऊन सरकतं. तासाभराने तुम्ही दुसरीच सावली काढत असता. आधी सावलीची सीमारेषा आखून घ्या आणि नंतर ऊन कुठेही गेलं तरी ती बदलू नका.

२. ठोकळ्यापासून सुरुवात करा, चेंडूपासून नाही

सगळे जण चेंडूपासून सुरुवात करतात. मीही केली होती. पण ठोकळा जास्त शिकवतो, कारण त्याला ठराविक बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला एकच टोन, म्हणजे गडद-फिकटपणाची एकच पातळी, पुरतो. तुम्हाला त्याच्या तीन बाजू दिसतात. वरची दिव्याकडे तोंड करून आहे, एक बाजू तिरकी आहे, तिसरीने पाठ फिरवली आहे. तीन बाजू, तीन टोन, संपलं. कुठेही फासू नका.

आता चेंडूकडे पाहा. चेंडू म्हणजे असंख्य बारीक बाजूंचा ठोकळाच. प्रत्येक बाजू शेजारणीपेक्षा जराशी जास्त वळलेली. इथे एक गोष्ट माहीत असली तर फार उपयोग होतो. पृष्ठभाग दिव्यापासून वळत जातो तसा त्यावरचा उजेड कमी होतो, पण सारख्या वेगाने नाही. गणितज्ञ योहान लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये हा नियम मांडला. पृष्ठभाग ३० अंश वळला तरी उजेड सुमारे ८७ टक्के शिल्लक असतो, ६० अंशांवर निम्मा उरतो, आणि ९० अंशांवर शून्य. त्यात आपल्या डोळ्याला निम्मा उजेड निम्मा वाटत नाही, जेमतेम पाव हिश्शाने कमी वाटतो.

कागदावर याचा अर्थ असा: चेंडूची उजेडातली बाजू बराच भाग जवळजवळ सारखीच फिकट राहते आणि सावलीच्या सीमेपाशी येऊन झपाट्याने गडद होते. नवशिके पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकसारखी उतरण करतात. मग चेंडू मळका दिसतो, उजेडातला दिसत नाही. उजेडाचा भाग मोकळा सोडायला धीर लागतो, पण सोडाच.

३. आधी सीमारेषा आखा, मग दोन घरं करा

माझ्या मते सगळ्या शेडिंगमधली सर्वांत महत्त्वाची रेषा हीच. वस्तूचा पृष्ठभाग जिथे दिव्याकडे पाठ फिरवतो ती जागा. तिला टर्मिनेटर म्हणतात. तिच्या एका बाजूला उजेडाचं घर, दुसऱ्या बाजूला सावलीचं.

आकाशातही ती दिसते. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्यामधली रेषा म्हणजे टर्मिनेटरच. साध्या दुर्बिणीतून पाहिलं तर खड्डे आणि डोंगर त्या रेषेजवळ सगळ्यात ठळक दिसतात, कारण तिथे उजेड तिरका पडतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून उजेड टाकतो, सावल्या लपतात आणि चंद्र तबकडीसारखा चपटा दिसतो. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहिला तेव्हा अंधाऱ्या भागातले उजळ ठिपके हे डोंगरांचे माथे आहेत हे त्याला ओळखता आलं. त्याला चित्रकलेचा चांगला अभ्यास होता. १६१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने त्याला सदस्यही करून घेतलं. छायाप्रकाश वाचता येणं ही नुसत्या चित्रकाराच्या कामाची गोष्ट नाही, ती अशी.

यातून एक सूचनाही निघते. दगडाचा खडबडीतपणा, कापडाचा पोत, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हे सगळं सीमारेषेच्या आसपास दाखवा. लख्ख उजेडात आणि गडद सावलीत ते जवळजवळ सोडून द्या. पोत सगळीकडे सारखा भरला की चित्र किरकिरं होतं.

करायचं कसं? डोळे किलकिले करा. पापण्यांच्या फटीतून बारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-सावलीचे दोन मोठे तुकडे उरतात. त्यांच्यामधली रेषा एचबीने हलकी आखा. मग सावलीचं सगळं घर, वस्तूवरची सावली आणि टेबलावर पडलेली सावली धरून, २बीने एका सपाट टोनमध्ये भरून टाका. एवढ्यावरच वस्तू उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर पुढचं कितीही बारीक काम करा, ती राहणार नाही. मी आजही दर चित्रात इथे थांबतो, कागद भिंतीला लावतो आणि लांबून पाहतो.

४. सावलीच्या घरात शिरताना

सावलीही सगळी एकसारखी नसते. टेबल, भिंत, शेजारची वस्तू यांच्यावर आपटलेला उजेड सावलीत परत येतो. हा परावर्तित उजेड. त्यामुळे चेंडूची सावलीकडची कड किंचित उजळते आणि सीमारेषेला लागून एक गडद पट्टा उरतो, जिथे दिव्याचा उजेडही पोचत नाही आणि टेबलाचाही फारसा पोचत नाही. याला कोअर शॅडो म्हणतात. 'कडेला काळं' ही माझी सवय मोडली ती हा पट्टा पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा. सर्वांत गडद जागा कडेला नव्हतीच, आत होती!

आता ते दोन कागद काढा. चेंडूखाली आणि सावलीच्या बाजूला पांढरा कागद ठेवा, मग काढून काळा ठेवा. पांढऱ्यावर सावली उजळते, काळ्यावर ती बुडून जाते. दिवा तोच, चेंडू तोच. हा प्रयोग दोन मिनिटांचा आहे, वाचून सोडून देऊ नका.

चंद्रकोरीच्या वेळी उरलेला चंद्रही अंधुक दिसतो ना? तोही परावर्तित उजेडच, पृथ्वीवरून चंद्रावर गेलेला. लिओनार्डो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे कारण आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं.

इथला सापळा: परावर्तित उजेड एकदा दिसू लागला की तो फार आवडतो, आणि आपण तो पांढराच करून टाकतो. मग चेंडू पत्र्याचा दिसतो. नियम असा की एकाच रंगाच्या वस्तूवर परावर्तित उजेडाची जागा कितीही उजळ वाटली तरी उजेडाच्या घरातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच राहायला हवी. तिच्याकडे टक लावून पाहू नका, किलकिल्या डोळ्यांनी पूर्ण वस्तू पाहा. ती सावलीत विरघळली तर ठीक, चमकत राहिली तर फार उजळ केली आहे.

५. पडछाया म्हणजे वस्तूखालचा काळा डाग नव्हे

वस्तूच्या अंगावरची सावली वेगळी आणि तिने टेबलावर टाकलेली पडछाया वेगळी. पडछायेचा आकार अंदाजाने काढायचा नसतो, तो काढता येतो. बल्बपासून सरळ खाली टेबलावर एक बिंदू धरा. त्याला मी दिव्याचा पाय म्हणतो. पायापासून ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्यातून जाणारी रेषा आणि बल्बपासून त्याच कोपऱ्यावरच्या माथ्यातून जाणारी रेषा जिथे भेटतात, तिथे त्या कोपऱ्याची सावली. तीन कोपरे केले की आकार मिळतो. उन्हात किरण समांतर धरायचे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सपाट जमिनीवर खांबाची सावली खांबाएवढीच, ३० अंशांवर असेल तर उंचीच्या सुमारे १.७३ पट.

पडछायेची कड वस्तूजवळ धारदार असते आणि लांब जाईल तशी पुसट होते. कारण दिवा बिंदू नसतो, त्याला आकार असतो. सूर्यसुद्धा आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावली टाकणारी कड भिंतीपासून १ मीटर दूर असेल आणि ऊन भिंतीवर सरळ पडत असेल तर सावलीच्या कडेला सुमारे ९ मिलिमीटरचा पुसट पट्टा येतो. ढगाळ दिवशी सगळं आकाशच दिवा होतं आणि कडा नाहीशाच होतात.

चेंडू टेबलाला टेकतो तिथली बारीक फट चित्रातली सर्वांत काळी जागा. तिथे कुठूनच उजेड शिरत नाही. ६बी तिच्यासाठी राखून ठेवा. ही फट विसरली की वस्तू तरंगायला लागते.

पडछाया ज्यावर पडते त्याचा आकार घेते हेही बघत जा. टेबलावरून भिंतीवर चढताना ती मोडते, कापडाच्या चुण्यांवर लाटांसारखी वळते.

६. हायलाइट सगळ्यात शेवटी, आणि हवा असेल तरच

थर्मोकोलच्या गोळ्यावर चकाकीचा ठिपका नसतो. तो दिसत नसताना काढू नका. चकचकीत वस्तूवर तो असतो, पण दिव्याकडे सरळ तोंड असलेल्या जागी नाही. तो दिवा आणि तुमचा डोळा यांच्या मधल्या दिशेला तोंड असलेल्या जागी दिसतो, कारण तो दिव्याचं आरशातलं प्रतिबिंबच आहे. डोकं हलवून पाहा, हायलाइट सरकतो आणि सीमारेषा वस्तूवर आहे तिथेच राहते.

७. टोनची पट्टी बनवा, कारण डोळा खोटं बोलतो

एका पट्टीवर नऊ चौकोन आखा. १ म्हणजे कोरा कागद, ९ म्हणजे तुमच्या ६बीचा सर्वांत काळा टोन. मधले सात समान पायऱ्यांनी भरा. पहिल्या पट्टीत ४ ते ६ हमखास सारखे होतात. दुसरी बनवा. तिसरी वापरण्याजोगी होते. एकावर एक हलके थर चढवा, एकदम दाबू नका. दाबलेलं ग्रेफाइट चकाकतं आणि गडद दिसण्याऐवजी करडं दिसतं. बोटानेही फासू नका. त्वचेच्या तेलकटपणाने डाग धरतात आणि मग ते खोडरबरानेही नीट निघत नाहीत.

पट्टी लागते कशाला? १९९५ मध्ये दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड ॲडेलसन यांनी एक प्रसिद्ध दृष्टिभ्रम तयार केला. बुद्धिबळासारखा पट, त्यावर एक सिलिंडर आणि त्याची सावली. सावलीतलं 'पांढरं' घर आणि उजेडातलं 'काळं' घर कागदावर अगदी एकाच करड्या टोनचे आहेत, पण पाहणाऱ्याला ते पटतच नाही. आपला मेंदू सावली वजा करून वस्तूचा मूळ रंग सांगतो. रोजच्या जगण्यात ते सोयीचंच आहे. चित्र काढताना मात्र त्याच्यामुळे पांढऱ्या कपाची सावली फिकट राहते आणि उजेडातली काळी बरणी फार काळी होते. उपाय म्हणून एका करड्या पुठ्ठ्याला दोन छोटी भोकं पाडा, दोन जागा त्यांतून शेजारीशेजारी पाहा आणि पट्टीशी ताडा.

पांढऱ्या वस्तूसाठी मी अशी वाटणी करतो: उजेडाच्या घराला १ ते ४, सावलीला ६ ते ९, आणि ५ फक्त सीमेवर. काळ्या वस्तूला हेच आकडे चालत नाहीत. तिचा उजेडच ६-७ पासून सुरू होतो आणि सावली ८-९ मध्ये दाटीवाटीने बसते. कागदाचा पांढरा कागदाएवढाच पांढरा, त्यामुळे बल्बचा झगमगाट कागदावर उतरत नाही. सगळ्या छटा दाबून या नऊ पायऱ्यांत बसवाव्या लागतात.

मोबाइलवरचा काळा-पांढरा फोटो ताडून बघायला बरा, पण त्यावरून नक्कल करू नका. फोन सावल्या स्वतःहून उजळतो किंवा पार काळ्या करतो.

८. रंगांत उतरताना

सावली बनवायला मूळ रंगात काळा घालणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कंटाळवाणा मार्ग. सावलीत दिव्याचा उजेड नसतो, दुसरा उजेड असतो, आणि त्याला स्वतःचा रंग असतो. मोकळ्या उन्हात सावलीवर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर दिसते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्या वेगवेगळ्या वेळी रंगवल्या. त्यांतल्या सावल्या निळ्या-जांभळ्याच आहेत. पण म्हणून प्रत्येक सावली जांभळी करायची असं नाही. लाल कापडावर ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्याची सावली खालून लालसर होते. समोर काय आहे ते बघा.

माध्यमाप्रमाणे क्रमही बदलतो. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं, पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. वाळल्यावर जलरंग फिकट होतो, म्हणून ओला असताना वाटतो त्यापेक्षा एक पायरी गडद लावा. ॲक्रिलिक उलटं, वाळून किंचित गडद होतं. तैलरंगात सावल्या पातळ आणि उजेड जाड ठेवायची जुनी पद्धत आहे. ती खरंच उपयोगी आहे, कारण जाड रंगावर खोलीतला उजेड अडतो आणि सावली खोल राहत नाही.

९. चित्र बिघडलं की आधी हे तपासा

चित्र चपटं वाटतंय? बहुतेक वेळा सावलीचं घर पुरेसं गडद नसतं. नवशिके ६ च्या पुढे जायला घाबरतात. मळकट वाटतंय? मग उजेडाच्या घरात फार लुडबुड झाली आहे, नीडेड इरेजरने तिथला थर उचला. वस्तू तरंगतेय? टेकण्याची फट बघा. दोन वस्तू एका खोलीतल्या वाटत नाहीत? दोघींच्या सीमारेषा आणि पडछाया एकाच दिव्याकडे बोट दाखवतात का ते तपासा. माझ्या जुन्या वह्यांत ही शेवटची चूक पानोपानी आहे.

आणि काहीच सापडलं नाही तर चित्र आरशात धरून पाहा. उलटं दिसल्यावर चुकीची सावली लगेच खुपते.

पहिल्या आठवड्यासाठी काम एवढंच: तोच पांढरा गोळा, रोज दिवा वेगळ्या जागी. डावीकडे, उजवीकडे, वरून, समोरून, मागून. दिवा मागे असेल तो दिवस सगळ्यात अवघड जाईल, कारण त्या दिवशी जवळजवळ सगळा गोळा सावलीच्या घरात असतो आणि उजेडाची फक्त एक बारीक कोर कडेला उरते.